गंगापूर रोडचा घरगुती तलाव: कोणती यंत्रं घ्यायची आणि किती ऑटोमेशन करायचं

नाशिकमध्ये गंगापूर गाव ओलांडून धरणाकडे निघालं की दोन्ही बाजूंना नवे बंगले आणि त्यांच्या अंगणात पोहण्याचे तलाव दिसू लागतात. त्यातल्याच एका बंगल्याचं हे प्रकरण. घर नमुन्यादाखल घेतलं आहे. मापं, पाणी आणि पूलवाल्याचं कोटेशन या पट्ट्यात नेहमी दिसतं तसंच ठेवलं आहे. कुटुंबात नवरा-बायको, सहा आणि नऊ वर्षांची दोन मुलं आणि आजी आहेत. रोजची देखभाल माळीकाका करतील. नळाचं पाणी पिण्यापुरतंच मिळतं, बाकी सगळं बोअरवर चालतं. कुंपणापलीकडे द्राक्षाचा प्लॉट आहे.

तलाव 8 बाय 4 मीटर, सरासरी खोली 1.3 मीटर. म्हणजे पाण्याचा पृष्ठभाग 32 चौरस मीटर आणि पाणी सुमारे 42 घनमीटर (42 हजार लिटर). खड्डा खणून झाला आहे, सळई बांधायची आहे. निर्णय घ्यायला हीच वेळ योग्य, कारण काँक्रीट पडल्यावर पंप बदलता येतो, पॅनेल बदलता येतं, पण पाइप बदलता येत नाही.

हातातल्या कोटेशनमध्ये एकाच वेगाचा 2 एचपी पंप, 500 मिमी व्यासाचा वाळूचा फिल्टर, 63 मिमीची एकच सक्शन लाइन (तलावातून पंपाकडे पाणी ओढणारा पाइप), तासाला 30 ग्रॅम क्लोरीन बनवणारं मिठाचं क्लोरिनेटर, ओआरपी (पाण्याची जंतू मारण्याची ताकद, मिलिव्होल्टमध्ये) आणि पीएच (पाण्याची आम्लता) मोजून औषध सोडणारा कंट्रोलर, 200 लिटरचे दोन ड्रम, आठ रिलेचं अ‍ॅपवर चालणारं पॅनेल, मोटारीवर फिरणारे चार व्हॉल्व्ह, 13 किलोवॉटचा हीट पंप आणि रंगीत दिवे आहेत. पंपाची खोली डेकखाली दीड मीटर खोल दाखवली आहे. यादीतली एकही वस्तू मुळात टाकाऊ नाही, पण त्यांचा एकमेकींशी मेळ बसत नाही आणि या घराशी तर त्याहून कमी.

आधी पाइप, मग पंप

घरगुती तलावाचं सगळं पाणी 4 ते 6 तासांत एकदा फिल्टरमधून जावं, हा चालू आडाखा आहे. 42 घनमीटरला 4 तास धरले तर तासाला साडेदहा घनमीटर पाणी हलवावं लागतं. 63 मिमीच्या यूपीव्हीसी पाइपचं आतलं माप 57 मिमीच्या आसपास असतं. त्यातून एवढं पाणी सेकंदाला सुमारे 1.1 मीटर वेगाने जातं. सक्शनला दीड मीटरच्या आत राहिलेलं बरं, म्हणजे हे बसतं. 2 एचपीचा पंप मात्र 10 मीटर हेडला (तेवढ्या उंचीच्या पाण्याइतक्या दाबाविरुद्ध) तासाला 24 घनमीटरच्या घरात पाणी ओढू पाहतो आणि त्याच पाइपमध्ये वेग 2.6 मीटरवर जातो. मग पंपात खडखड सुरू होते, झाकणाच्या काचेत बुडबुडे दिसतात आणि माणसं गळती शोधत बसतात.

फिल्टरचा हिशोब याहून बिघडलेला आहे. 500 मिमी फिल्टरच्या वाळूचं क्षेत्रफळ 0.196 चौरस मीटर. घरगुती फिल्टरला चौरस मीटरमागे तासाला 50 घनमीटर ही वरची मर्यादा मानतात, म्हणजे या फिल्टरला दहाच्या जरा खाली. त्यावर 24 चा प्रवाह सोडला की वाळूत भोकं पडतात, धूळ न अडकता थेट तलावात परत येते आणि पुढे रिटर्नच्या (पाणी तलावात परत सोडणाऱ्या पाइपच्या) तोंडाशी वाळूचे कण दिसू लागतात. "पंप मोठा घेतलाय, तरी पाणी गढूळच" या तक्रारीमागे बहुतेक वेळा हेच असतं.

म्हणून इथे 600 मिमीचा फिल्टर आणि 1 एचपीचा, वेग बदलता येणारा पंप धरला. 600 मिमीचं क्षेत्रफळ 0.283 चौरस मीटर, मर्यादा 14 घनमीटर. पूर्ण वेगात हा पंप जवळजवळ तेवढंच देतो. बॅकवॉशला (पाणी उलटं सोडून फिल्टर धुताना) वाळू उचलली जायला याच्या आसपासचा प्रवाह लागतो, त्यामुळे तीही गरज भागते. वाळू किती किलो आणि कोणत्या मापाची, हे फिल्टरच्या प्लेटवर लिहिलेलं असतं. तीच घ्यावी. गोदेची रेती चाळून भरायचा सल्ला कुणी दिला तर ऐकू नये, त्यातल्या मातीने पाणी आठवडाभर निवळत नाही.

सक्शनच्या लाइन दोन्ही स्किमरच्या (भिंतीतली, पाण्यावरचा कचरा ओढून घेणारी तोंडं) वेगवेगळ्या आणि तळाच्या ड्रेनची तिसरी. प्रत्येकीचा व्हॉल्व्ह पंपाच्या खोलीत. तळाला ड्रेन दोन हवेत, एकमेकांपासून किमान 90 सेंटिमीटरवर, एकाच पाइपला जोडलेले आणि वरून फुगीर जाळीचं झाकण असलेले. एकच ड्रेन असेल आणि त्यावर मूल चिकटलं, तर पंपाची ओढ माणसाच्या ताकदीला सुटत नाही. अमेरिकेत 2007 साली अशाच मृत्यूनंतर ड्रेनच्या झाकणांचा स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे कोटेशनमध्ये ही ओळ आपणच लिहून घ्यावी लागते.

स्किमर पूर्वेच्या भिंतीत आणि रिटर्न पश्चिमेला. इथला जोराचा वारा बहुतांशी पश्चिमेकडून येतो. पानं, धूळ, पावसाळी किडे तोच पूर्वेला लोटतो. नकाशात मात्र स्किमर घरातून दिसू नयेत म्हणून पश्चिमेला गेले होते.

पंपाची खोली जमिनीवर आणली, तलावापासून 5 मीटरवर, पंप 15 सेंटिमीटरच्या ओट्यावर. पाण्याच्या पातळीपेक्षा पंप अर्धा मीटर वर गेला, पण सेल्फ-प्रायमिंग (स्वतःच पाणी वर ओढून घेणाऱ्या) पंपाला ते जड नाही. सक्शनवर नॉन-रिटर्न व्हॉल्व्ह बसवला की झालं. डेकखालच्या खड्ड्यात मात्र काळ्या मातीतून झिरपलेलं पाणी श्रावणापर्यंत उभं राहतं आणि पहिल्याच पावसाळ्यात मोटार भिजते.

वेग बदलणारा पंप परवडतो का

पंपाचा वेग निम्मा केला की प्रवाह निम्मा होतो, दाब पाव होतो आणि वीज कागदावर एक-अष्टमांश लागते. प्रत्यक्षात ड्राइव्ह आणि मोटारीचं नुकसान धरून ती पाव ते पाचव्या हिश्श्यावर येते. एकाच वेगाचा 1 एचपी पंप 8 तास चालवला तर साधारण साडेआठ युनिट लागतात. वेग बदलणारा पंप मिनिटाला 1450 फेऱ्यांवर 10 तास चालवला तर 70 घनमीटर पाणी फिरतं आणि अडीच युनिट जळतात. त्यात 2300 फेऱ्यांचे 2 तास मिळवले की आणखी 22 घनमीटर आणि युनिट एकाच्या थोडं वर. दिवसाला 5 युनिट वाचतात. युनिटचा दर 12 रुपये धरला तर महिन्याला 1800 रुपये. दोन पंपांच्या किमतीत 40 हजारांचा फरक असला तर तो दोन वर्षांच्या आत भरून निघतो. रात्री खिडकीखाली घरघर नाही, हा फायदा वेगळाच.

पण हाच पंप विजेच्या बाबतीत नाजूक असतो. गावाकडच्या फीडरवर संध्याकाळी व्होल्टेज खाली आणि मध्यरात्री वर जातं, वळवाच्या पावसात वीज कडाडते. ड्राइव्हचं कार्ड एकदा जळलं की नवं कार्ड पंपाच्या किमतीच्या निम्म्यापर्यंत जाऊ शकतं. म्हणून मेन बोर्डापासून स्वतंत्र केबल, टाइप 2 सर्ज प्रोटेक्टर (विजेचा अचानक उसळलेला दाब अडवणारा) आणि 207 ते 253 व्होल्टच्या बाहेर गेल्यावर तोडणारा, तीन मिनिटं थांबून पुन्हा जोडणारा व्होल्टेज रिले, या तीन गोष्टी पंपासोबतच घ्याव्यात. आरसीसीबी (विजेची गळती ओळखून पुरवठा तोडणारा स्विच) 30 मिलीअँपिअरचा आणि 'ए' प्रकारचा. साधा 'एसी' प्रकार ड्राइव्हच्या गळती करंटपुढे एकतर उगाच पडतो किंवा खरी गळती ओळखत नाही.

अर्थिंगचा खड्डा मे महिन्यात मोजावा. पावसाळ्यात ओल्या मातीत कोणताही खड्डा चांगलाच आकडा दाखवतो, मुरमाड जमीन कडक उन्हाळ्यात वाळली की खरं कळतं. तलावाची सळई, शिडीचे सॉकेट, दिव्यांच्या खोबण्या आणि पंपाची बॉडी हे सगळं 10 चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेने एकत्र बांधायचं. हे काम काँक्रीटच्या आदल्या दिवशी होतं आणि नंतर कधीच दिसत नाही, म्हणून प्रत्येक जोडाचा फोटो काढून ठेवावा.

दिवे 12 व्होल्टचेच हवेत. पाण्याच्या काठापासून साडेतीन मीटरच्या पट्ट्यात 230 व्होल्टचं काहीही नको, ट्रान्सफॉर्मर पंपाच्या खोलीत. 25 वॉटच्या दिव्याला 20 मीटर लांब केबल दीड चौरस मिलिमीटरची घातली तर जवळजवळ 1 व्होल्ट वाटेत जातो आणि लांबचा दिवा मंद दिसतो. अडीचची घालावी, प्रत्येक दिव्याला वेगळी, पाण्याखाली जोड न देता.

क्लोरीन: मीठ की हायपो

या प्रकरणातला सगळ्यात अवघड निर्णय हाच. मिठाच्या तलावाला सध्या मागणी आहे आणि त्यामागे कारण आहे. क्लोरीन जागेवरच तयार होतं, कॅन उचलावे लागत नाहीत, पाणी अंगाला मऊ लागतं. 42 घनमीटरला लिटरमागे 4 ग्रॅम म्हणजे 168 किलो मीठ एकदा टाकायचं, पुढे फक्त भर घालायची.

या घरात अडचणी तीन. पहिली बोअरची. त्याचा कठीणपणा लिटरला 420 मिलिग्रॅम आहे. एप्रिल-मेमध्ये रोज 8 मिमी पाणी उडालं तर 32 चौरस मीटरवरून 256 लिटर जातं. बाष्प जातं, क्षार मागे राहतात. तेवढंच पाणी बोअरमधून भरलं तर रोज 107 ग्रॅम क्षार आत येतात, म्हणजे तलावाचा कठीणपणा दिवसाला अडीच मिलिग्रॅमने चढतो. शंभर दिवसांत अडीचशे. मिठाच्या सेलमध्ये (वीज सोडून मिठातून क्लोरीन काढणारा क्लोरिनेटरचा भाग) कॅथोडच्या पत्र्यालगत पाणी फार अल्कधर्मी होतं आणि हे क्षार नेमके तिथेच पांढरे थर धरतात. सेल आपोआप ध्रुव बदलून काही झाडतो, उरलेलं अ‍ॅसिडने धुवावं लागतं आणि प्रत्येक धुण्यात पत्र्यावरचा मुलामा झिजतो.

दुसरी अडचण फरशीची. काठाला शहाबादी ठरली होती. ती चुनखडी आहे. खारं पाणी तिच्यात मुरतं, वाळतं आणि पापुद्रे सुटतात.

तिसरी अडचण मात्र कोटेशनमध्ये कुठेच नव्हती: बॅकवॉशचं पाणी जाणार कुठे? 14 घनमीटरच्या प्रवाहाने तीन मिनिटं म्हणजे दर वेळी 700 लिटर. इथे ड्रेनेज नाही, सेप्टिक टँक आहे. लिटरला 4 ग्रॅम मिठाचं पाणी बागेत सोडलं तर लॉन जळतं आणि उतार द्राक्षाच्या प्लॉटकडे आहे. द्राक्षाला खारं पाणी फारसं सोसत नाही. पावसाळ्यात तर तलाव आपणहून वाहतो. नाशिक शहराकडे वर्षाला सुमारे 700 मिमी पाऊस धरला तरी 32 चौरस मीटरवर 22 घनमीटर पाणी पडतं, आणि त्र्यंबकच्या दिशेने जाल तसा पाऊस वाढतच जातो. ते खारं पाणी शेजाऱ्याच्या बांधावर जाणार.

म्हणून इथे हायपो ठरला, म्हणजे सोडियम हायपोक्लोराइट, 10 टक्क्यांचा, वेळेवर चालणाऱ्या पेरिस्टाल्टिक पंपाने (नळी दाबत औषध थोडं थोडं सोडणारा डोसिंग पंप) सोडायचा. हायपोनेही मीठ वाढतं. दर 10 पीपीएम (लिटरला मिलिग्रॅम) क्लोरीनमागे सुमारे 17 पीपीएम. रोज 3 पीपीएम दिलं तर दिवसाला 5, ऑक्टोबर ते जून मिळून तेराशे-चौदाशे. पण ते मिठाच्या तलावासारखं 4000 नाही, हळूहळू चढतं आणि पावसाळा त्यातलं बरंच धुऊन नेतो. बॅकवॉशसाठी हजार लिटरची टाकी घेतली. तिथलं पाणी दोन दिवस उन्हात ठेवून कुंपणाच्या नारळांना द्यायचं, नारळ थोडा खारेपणा सहज पचवतो.

आकडे असे. 1 पीपीएम म्हणजे या तलावात 42 ग्रॅम क्लोरीन. रोजचे 3 पीपीएम म्हणजे 126 ग्रॅम, म्हणजे 10 टक्क्यांचा सव्वा लिटर हायपो. मे महिन्यात 4 पीपीएम धरा. पाण्यात सायन्युरिक अ‍ॅसिड 40 पीपीएम ठेवायचं (सुरुवातीला 1.7 किलो), नाहीतर भर उन्हात तासाभराच्या आत निम्मं क्लोरीन उडून जातं. ते 40 असताना मोकळं (जंतू मारायला शिल्लक असलेलं) क्लोरीन 3 च्या खाली जाऊ द्यायचं नाही. क्लोरीनच्या गोळ्या, म्हणजे ट्रायक्लोर, नेहमीसाठी वापरू नयेत. त्यांच्या दर 10 पीपीएममागे सायन्युरिक 6 ने वाढतं आणि काही महिन्यांत क्लोरीन भरपूर दिसूनही पाणी हिरवं होऊ लागतं.

हायपोचा खरा शत्रू उष्णता. पत्र्याच्या खोलीत, 40 अंशांच्या दिवसांत त्याची ताकद काही आठवड्यांत निम्म्यावर येते. म्हणून एका वेळी 35 लिटरचा एकच कॅन, सावलीत, श्वास घेणाऱ्या झाकणाचा. डोसिंगच्या टाकीत तो घरच्या आरओच्या पाण्याने निम्मा करून भरायचा. पातळ हायपो पुष्कळ सावकाश उतरतो. त्यासाठी बोअरचं पाणी वापरलं तर इंजेक्शनच्या तोंडाशी चुन्याची गाठ धरते आणि ते बंद पडतं.

टाकी मुद्दाम 20 लिटरची घेतली, 200 ची नाही. टायमर अडकला, रिले चिकटला, काहीही झालं तरी टाकीतल्यापेक्षा जास्त औषध तलावात जाऊ शकत नाही. 20 लिटर पातळ हायपोत 1 किलो क्लोरीन असतं. ते सगळं गेलं तर 24 पीपीएम होतं. तेवढ्यात पोहायचं नाही, क्लोरीन उतरेपर्यंत थांबायचं, पण त्याहून मोठं काही घडत नाही. 200 लिटरच्या ड्रमने दहापट घडतं. टाकी उन्हाळ्यात पाच-सहा दिवस, एरवी आठ दिवस पुरते. म्हणजे काकांना आठवड्यातून एकदा भरायला जावंच लागतं आणि तेव्हा पाण्याकडेही नजर जाते.

ओआरपीचा कंट्रोलर यादीतून काढला. उघड्यावरच्या, सायन्युरिक असलेल्या तलावात ओआरपीचा आकडा क्लोरीनइतकाच पीएच आणि सायन्युरिकवर हलतो. आज 700 मिलिव्होल्टला 3 पीपीएम असेल, पावसाळ्यानंतर सायन्युरिक उतरल्यावर त्याच 700 ला 1 असेल. प्रोबवर थर बसला तर आकडा खाली दिसतो आणि कंट्रोलर औषध ओततच राहतो. पीएचचा प्रोब महिन्या-दीड महिन्याने 7 आणि 4 च्या द्रावणात जुळवावा लागतो, वर्ष-दोन वर्षांत बदलावा लागतो. हॉटेलच्या तलावाला हे शोभतं, कारण तिथे दिवसाला किती माणसं उतरतील याचा भरवसा नसतो. पाच जणांच्या घरात रोजची मागणी जवळजवळ ठरलेली असते.

आणि हायपोने पीएच फारसा चढत नाही, मिठाच्या सेलने चढतो. म्हणून अ‍ॅसिडची स्वयंचलित टाकीही लागली नाही. आठवड्याला मोजून, 7.8 वर गेला तर अर्धा ते पाऊण लिटर म्युरिअ‍ॅटिक अ‍ॅसिड रिटर्नच्या समोर, पंप चालू असताना, घरातल्या मोठ्या माणसाने हळूहळू ओतायचं. सगळ्यात मोठा धोका यानेच टळला. अ‍ॅसिड आणि हायपो एका खोलीत ठेवले आणि सांडून एकत्र आले तर क्लोरीन वायू होतो. अ‍ॅसिडचा कॅन पंपाच्या खोलीत ठेवायचा नाही, गॅरेजच्या मागच्या कुलूपबंद कप्प्यात.

मिठाचा रस्ता कायमचा बंद केलेला नाही. फिल्टरनंतर 60 सेंटिमीटरचा सरळ पाइप, दोन्ही टोकांना युनियन लावून सोडला आहे. उद्या ड्रेनेज आलं, काठाची फरशी बेसॉल्टची केली, नळाचं पाणी पुरेसं मिळू लागलं, तर सेल त्या जागी बसेल.

पॅनेल किती शहाणं हवं

रोज ठरल्या वेळी व्हायला हवं आणि माणूस विसरतो, असं काम यंत्राला द्यावं. जे बघून ठरवायचं असतं ते माणसाकडे राहू द्यावं. या कसोटीवर पंपाची वेळ, हायपोची वेळ आणि पाण्याची पातळी एवढ्याच तीन गोष्टी स्वयंचलित झाल्या.

पंपाचं वेळापत्रक पंपातच आहे, त्याला वेगळं पॅनेल लागत नाही. घड्याळाला बॅटरीचा आधार आहे की नाही ते विकत घेण्याआधी पाहावं. वीज गेल्यावर मध्यरात्रीचे बारा दाखवणाऱ्या घड्याळाने पंप भलत्या वेळी चालतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. पहाटे 5 ते 9 आणि संध्याकाळी 5 ते 11 मंद वेग, दुपारी 2 तास मध्यम. हायपो सकाळी 6 ला 40 मिनिटं, सूर्यास्तानंतर 60 मिनिटं. तासाला दीड लिटरच्या डोसिंग पंपाने एवढ्यात दिवसाचे अडीच लिटर पातळ द्रावण जातं.

डोसिंग पंपाला दोन अटी. त्याची वीज मुख्य पंप चालू असतानाच मिळावी, आणि पाइपमध्ये पाणी खरंच वाहतंय हे फ्लो स्विचने सांगावं. एकट्या टायमरवर भरवसा ठेवला आणि मुख्य पंप व्होल्टेज रिलेने बंद पडलेला असला, तर हायपो स्थिर पाइपमध्ये साचतो आणि पंप सुरू होताच एकदम मुलांच्या अंगावर येतो. जिथे अ‍ॅसिडही पंपाने सोडतात तिथे याच चुकीने पाइपमध्ये वायू तयार होतो. मिठाच्या सेलमध्येही प्रवाहाविना हायड्रोजन साठतो.

फ्लो स्विच आणि मंद वेग यांचं भांडण ठरलेलं आहे. नवा फिल्टर असताना 1450 फेऱ्यांना 7 घनमीटर वाहतं, स्विच जोडतो. फिल्टर मळला की प्रवाह पाचाच्या खाली उतरतो आणि काही स्विच तिथे सुटतात. मग क्लोरीन जात नाही, पंप मात्र चालू दिसतो. म्हणून चालू करायच्या दिवशीच फिल्टरनंतरचा व्हॉल्व्ह हळूहळू आवळत मळक्या फिल्टरची नक्कल करावी. स्विच सुटतो तिथून दोनशे फेऱ्या वर आपला मंद वेग ठेवावा.

दाबाचा काटाही मंद वेगात फसवतो. पूर्ण वेगाला 0.8 बार असेल तर निम्म्या वेगाला 0.2. त्यावरून फिल्टर मळला की नाही ते कळणार नाही. आठवड्यातून एकदा पूर्ण वेगावर काटा पाहायचा, स्वच्छ असतानाचा आकडा मार्करने फिल्टरवर लिहून ठेवायचा आणि त्यावर 0.3 ते 0.5 बार चढला की बॅकवॉश.

बॅकवॉशचा मल्टिपोर्ट व्हॉल्व्ह (दांडा फिरवून फिल्टरमधल्या पाण्याची वाट बदलणारा) स्वयंचलित केला नाही. पाणी निवळलं की थांबायचं असतं, आणि ते काचेतून डोळ्यांनी बघावं लागतं. इथेच अ‍ॅपचा एक गंभीर धोका आहे. काकांचा हात दांड्यावर आणि साहेबांनी पुण्यातून पंप चालू केला, तर व्हॉल्व्हच्या आतलं रबर फाटतं, दांडा हाताला झटका देतो. पंपाच्या खोलीत कुलूप लागणारा आयसोलेटर बसवला आणि भिंतीवर मोठ्या अक्षरांत पाटी: "आधी मोटार बंद. कुलूप लावा. मगच दांडा फिरवा."

चार मोटारी व्हॉल्व्हना कामच नव्हतं. धबधबा नाही, जकुझी नाही, स्किमर-ड्रेनचं प्रमाण एकदा ठरलं की वर्षभर तसंच राहतं. आठ रिलेच्या पॅनेलचंही तेच झालं. दिव्यांना साधा टायमर पुरला. पुढे कुणाला पॅनेल घ्यायचंच असेल तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी: पेंटेअर, हेवर्ड, जँडी यांच्यासारख्या कंपन्यांची पॅनेलं आपापल्या पंपांशी आपापल्या भाषेत बोलतात. एकाचा पंप दुसऱ्याच्या पॅनेलला जोडला तर बहुतेक वेळा चालू-बंद एवढंच हाती राहतं, वेग बदलता येत नाही. परदेशातून मागवलेलं यंत्र 50 हर्ट्‌झला चालतं का, तेही प्लेटवर वाचून घ्यावं.

पॅनेल नाही म्हणून त्याची वाट बुजवायची नाही. घरापासून पंपाच्या खोलीपर्यंत कॅट-6 केबल (पत्र्याच्या खोलीत वाय-फाय पोचेलच असं नाही), हीट पंपाच्या जागेपर्यंत 32 मिमी कंड्युट आणि 50 मिमीचं एक रिकामं कंड्युट, आत ओढायची तार घालून. काँक्रीटआधी हे काम अगदी किरकोळ खर्चाचं, नंतर डेक फोडावं लागतं.

पातळीसाठी सेन्सर आणि सोलेनॉइडऐवजी छोट्या चेंबरमध्ये साधा फ्लोट व्हॉल्व्ह. छतावरच्या टाकीतून, टाकीत तलावाचं पाणी उलटं जाणार नाही असं हवेचं अंतर ठेवून. त्या लाइनवर पाण्याचा मीटर हवाच. आपोआप भरणारा तलाव गळती लपवतो, महिनोन्‌महिने रोज हजार लिटर जमिनीत जातं आणि पातळी मात्र जागेवर. एप्रिलमध्ये मीटर रोज 250 लिटरच्या आसपास चालला तर बाष्पीभवन. 600 दाखवला तर व्हॉल्व्ह बंद करून पायरीवर पाण्याने भरलेली बादली ठेवावी. दिवसभरात तलाव बादलीपेक्षा जास्त उतरला तर गळती आहे.

हीट पंप आत्ता नाही

42 घनमीटर पाणी 1 अंशाने तापवायला जवळजवळ 49 किलोवॉट-तास उष्णता लागते. डिसेंबर-जानेवारीत 8 अंश चढवायचे तर 390. 13 किलोवॉटच्या हीट पंपाला त्यासाठी तीस तास, आणि उघडा तलाव रात्रीच्या गारठ्यात त्यातलं बरंच परत सोडून देतो. आधी बुडबुड्यांचं झाकण घ्यावं. ते उष्णता राखतं आणि बाष्पीभवन खूप कमी करतं, म्हणजे बोअरचे क्षारही कमी येतात. या घरात त्याचा दुसरा फायदाच मोठा ठरला. पोहताना ते पूर्ण काढायचं. अर्धवट झाकलेल्या तलावात मूल खाली अडकलं तर वरून दिसत नाही. झाकण कुंपणाची जागा घेत नाही. 1.2 मीटरचं कुंपण आणि आपोआप बंद होणारं फाटक यंत्रांच्या आधी लागलं पाहिजे.

ताब्यात घेताना

पूलवाल्याचा शेवटचा हप्ता देण्याआधी अर्धा दिवस काढून या चाचण्या स्वतःच्या डोळ्यांसमोर करून घ्याव्यात. पंप चालू असताना मेन बंद करा, दहा मिनिटांनी चालू करा. घड्याळ बरोबर आहे का, पंप आपल्या वेळापत्रकावर परत येतो का? सक्शनचा व्हॉल्व्ह क्षणभर बंद करा. डोसिंग पंप थांबला पाहिजे. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. डोसिंगची नळी मापाच्या भांड्यात सोडून दहा मिनिटांत 250 मिलिलिटर निघतात का पाहा, ही नळी दरवर्षी बदलावी लागते. रात्री अंधार पडल्यावर आणि पहाटे उन्हाआधी, डोसिंग बंद ठेवून, डीपीडीच्या किटने मोकळं क्लोरीन मोजा. पिवळा रंग देणारं स्वस्त किट एकूण क्लोरीन दाखवतं, ते इथे उपयोगाचं नाही. रातोरात 1 पीपीएमपेक्षा जास्त उतरलं तर पाण्यात शेवाळ धरू लागलं आहे. मग वेळापत्रक जुळवण्याआधी क्लोरीन चढवून पाणी स्वच्छ करून घ्यावं, नाहीतर टायमरची मिनिटं रोज वाढवत राहावं लागेल.